त्र्याऐंशीव्या पानावरची तळटीप

इंग्लंड, २ मार्च १९७३. तुम्ही एका लग्नाच्या मेजवानीत शिरला आहात आणि तुम्ही कुणालाही दिसत नाही. नवरदेव आहे ड्रमवादक बिल ब्रुफर्ड. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तो 'येस' या बँडमध्ये होता. 'क्लोज टू दि एज'चं काम आटोपलं, आता बँडचं नाव होणार हे सगळ्यांना दिसू लागलं, आणि नेमका तेव्हाच तो उठून 'किंग क्रिम्झन'मध्ये गेला. म्हणून आज इथे दोन्ही बँडची माणसं जमली आहेत आणि एकमेकांची विचारपूस चालली आहे.

तुम्ही जॉन अँडरसनजवळ जा. तो 'येस'चा गायक. लहानखुरा, बोलतानाही आवाज वरच्या पट्टीतला. हा लँकेशायरमधल्या अ‍ॅक्रिंग्टनचा मुलगा. कधी शेतावर राबला, कधी ट्रक चालवला, कधी घरोघर दूध पोचवलं. आता अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि त्याच्या डोक्यात फार मोठं काहीतरी घोळतंय, पण त्याला अजून आकार सापडलेला नाही. त्याच्याशी बोलणारा माणूस जेमी म्यूर, 'किंग क्रिम्झन'चा तालवादक. रंगमंचावर हा केसाळ कातडी पांघरतो, साखळ्या लोखंडी पत्र्यांवर आपटतो, तोंडातून खोटं रक्त काढतो. इथे मात्र तो एका पुस्तकाबद्दल बोलतोय आणि अँडरसन कान देऊन ऐकतोय. परमहंस योगानंदांचं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी'. आपल्याकडे मराठीत ते 'योगी कथामृत' म्हणून घराघरांत वाचलं गेलं. म्यूर नुसती शिफारस करून थांबणारा माणूस नाही. काही काळातच तो संगीत सोडून स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात राहायला जाईल.

हे पुस्तक १९४६ साली न्यूयॉर्कला छापलं गेलं. इंग्लंडच्या रॉक मंडळींना ते अगदी परकं नाही. सहा वर्षांपूर्वी बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'च्या मुखपृष्ठावर जॉर्ज हॅरिसनने योगानंदांचा चेहरा चिकटवून घेतला होता, शिवाय त्यांचे गुरू, गुरूंचे गुरू आणि त्यांचेही गुरू. चेहरे सगळ्यांनी पाहिले. पान उलटून तळटीप वाचणारा माणूस अजून यायचा होता.

आठवड्याभरात तुम्ही टोकियोत पोचता. 'येस'चा जपानचा दौरा सुरू झाला आहे. कार्यक्रमाच्या मधल्या वेळात अँडरसन हॉटेलच्या खोलीत ते पुस्तक घेऊन बसलाय. त्याच्या खांद्यावरून डोकवा. पुढे योगानंद झालेला, गोरखपूरला जन्मलेला मुकुंदलाल घोष नावाचा मुलगा, त्याची घरातून हिमालयाकडे पळून जाण्याची धडपड, मग श्रीरामपूरच्या आश्रमातले कडक गुरू श्रीयुक्तेश्वर, १९२०मध्ये बोस्टनला झालेलं आगमन, लॉस एंजेलिसच्या टेकडीवर उभी राहिलेली संस्था. गोष्ट सांगण्याची योगानंदांची हातोटी अशी की चमत्कारांवर विश्वास नसलेला माणूसही पुस्तक खाली ठेवत नाही.

अँडरसन अजून सुरुवातीच्या प्रकरणांत आहे. तुम्ही पुढची पानं उलटून पाहा, कारण तिथे आपलं गाव आहे. वर्धा, ऑगस्ट १९३५. भल्या पहाटे योगानंदांची गाडी स्टेशनात थांबते आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई पुढे येतात. सामान बैलगाडीत, पाहुणे मोटारीत. पावसाने चिखल झालेल्या रस्त्याने तुम्ही मगनवाडीला पोचता. गांधीजींचं मौन आहे, त्यामुळे स्वागताचा शब्द ते कागदावर लिहून देतात. जेवणाच्या वेळी ते योगानंदांना कडुनिंबाच्या पाल्याचा गोळा वाढतात आणि योगानंद तो बिचकत गिळतात, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवलंय. पुढे ते गांधीजींना आणि काही सत्याग्रहींना क्रियायोगाची दीक्षाही देतात. विदर्भातला तो चिखल आणि ती कडू चव टोकियोतल्या एका हॉटेलमध्ये, एका इंग्रज गायकाच्या मांडीवर उघडी पडली आहे. मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं. पुस्तकं कुठून कुठे जातात आणि कुणाच्या हाती पडून काय करतात, याचा अंदाज लिहिणाऱ्याला कधी असतो?

पण अँडरसन थांबतो तो त्र्याऐंशीव्या पानावर, आणि तिथेही तळटिपेपाशी. शास्त्रांचे चार वर्ग: श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र. धर्म, समाजजीवन, कायदा, वैद्यक, वास्तुविद्या, कला असा माणसाच्या जगण्याचा सगळा व्याप त्यांत येतो, असं ती टीप थोडक्यात सांगते. बस्स, एवढंच.

तुम्ही मराठी घरात वाढलेले. सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सोडतात तेव्हा 'श्रुतिस्मृतिपुराणोक्त' हा शब्द तुमच्या कानावरून किती वेळा गेला असेल. चारांतले तीन वर्ग त्या एका शब्दात बसलेत. आपण पळीभर पाणी ताम्हनात सोडतो आणि पुढच्या सूचनेची वाट बघतो. त्या शब्दात एखाद्या मोठ्या रचनेचा आराखडा दडला असेल, हे आपल्या मनाला शिवत नाही. ती नावं प्रथमच पाहणाऱ्याला मात्र ते सुचलं. चार वर्ग, चार भाग, दोन तबकड्यांच्या चार बाजू. पुढच्या अल्बमसाठी अँडरसनला हवा होता तो आकार मिळाला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. त्या काळच्या रॉक संगीतात पूर्वेकडचं म्हणून जे यायचं ते बहुतेक वेळा वरून लावलेलं असायचं. मागे सतार छेडायची, तानपुऱ्यासारखा एक स्वर धरून ठेवायचा, मुखपृष्ठावर एखादी देवता. अँडरसनने घेतली ती रचना. त्याला राग शिकायचा नव्हता, तबला आणायचा नव्हता. तळटिपेतल्या चार नावांनी त्याला सांगितलं की ज्ञान आधी ऐकू येतं, मग आठवणीत राहतं, मग त्याच्या कथा होतात, आणि शेवटी ते कृतीत उतरतं. पंडितांना ही मांडणी फार ढोबळ वाटेल आणि ती ढोबळ आहेच. वेदांचं अपौरुषेयत्व, स्मृतींमधले मतभेद, तंत्रग्रंथांचा गुंता, यांतलं काही त्याला माहीत नव्हतं. पण संगीताच्या ऐंशी मिनिटांना दिशा द्यायला ती ओळ पुरेशी होती. या अल्बमच्या बाजूने मला एवढं एकच ठामपणे म्हणायचं आहे: त्याने भारताकडून सजावट घेतली नाही, आराखडा घेतला.

ही वाट एका दिवसात फुटलेली नाही. 'क्लोज टू दि एज'चं शीर्षकगीत हेच मुळात हेरमान हेसे या जर्मन कादंबरीकाराच्या 'सिद्धार्थ'वरून सुचलेलं आणि अठरा मिनिटांहून लांब, म्हणजे तबकडीची अख्खी एक बाजू व्यापणारं. तेव्हा जमलं होतं, आता ते चौपट करायचं होतं.

टोकियोहून दौरा ऑस्ट्रेलियात जातो, मग अमेरिकेत. तुम्ही मागोमाग असाच. रात्रीचा कार्यक्रम झाला की अँडरसन आणि गिटारवादक स्टीव्ह हाऊ हॉटेलच्या खोलीत मेणबत्त्या लावून बसतात. हाऊकडे सुरावटींचे तुकडे आहेत, अँडरसनकडे शब्द आणि ही चार खणांची पेटी. हा तुकडा दुसऱ्यात बसेल का, तो चौथ्यात न्यायचा का, अशी ती बैठक. जॉर्जिया राज्यातल्या सव्हॅना शहरात ती सहा तास चालते. सकाळचे सात वाजतात तेव्हा चारही भागांचा सांगाडा उभा राहिलेला असतो: गाण्याचा, शब्दांचा आणि वाद्यांचा. त्यानंतर कित्येक दिवस दोघं त्या आनंदात तरंगत होते, असं अँडरसनने अल्बमच्या आतल्या पानावर लिहिलंय.

त्या खोलीत तिघं नाहीत, हेही पाहून ठेवा. बास वाजवणारा ख्रिस स्क्वायर, ब्रुफर्डच्या जागी आलेला ड्रमवादक अ‍ॅलन व्हाइट आणि कीबोर्डवरचा रिक वेकमन. त्यांना आराखडा नंतर सांगितला गेला. स्क्वायर आणि व्हाइट त्यात शिरले आणि आपापली भर घालू लागले. वेकमन शिरू शकला नाही.

उन्हाळा सरत आलाय. तुम्ही लंडनच्या वायव्येला, विल्सडन हाय रोडवरच्या मॉर्गन स्टुडिओत आहात. खरं म्हणजे अँडरसनला शहराबाहेर, रानात, झाडांखाली रात्री ध्वनिमुद्रण करायचं होतं. स्क्वायरला लंडन सोडायचं नव्हतं. मॉर्गनकडे चोवीस ट्रॅकचं यंत्र होतं आणि तेव्हा इंग्लंडमध्ये अशी यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यामुळे शहराची बाजू जिंकली. मग व्यवस्थापक ब्रायन लेनने गायकाचं मन राखायला रानच आत आणलं. दार ढकला. जमिनीवर गवताच्या गंज्या, कीबोर्डभोवती पांढरं लाकडी कुंपण आणि पुठ्ठ्याची गाय. अँडरसनने आणखी एक आडोसा फरश्या लावून बांधून घेतलाय, कारण न्हाणीघरात गाताना त्याचा आवाज जसा घुमतो तसाच त्याला इथे हवा आहे.

या गवताच्या आणि गाईच्या गोष्टीवर पन्नास वर्षं लोक हसत आलेत. मी तिथे थोडा वेळ थांबेन. एका माणसाला ठाऊक आहे की आपण जे गाणार आहोत ते रोजच्या खोलीत उमटणार नाही, आणि त्यासाठी जागा पालटायला हवी. पूजेआधी आपण चौरंग मांडतो, केळीचे खांब बांधतो, तोही जागा पालटण्याचाच प्रकार. अँडरसनला ती गरज कळली होती.

शेजारच्या स्टुडिओत 'ब्लॅक सॅबथ' आपला पाचवा अल्बम करताहेत. वेकमन कंटाळला की तिकडे जातो आणि त्यांच्या एका गाण्यात वाजवूनही येतो. मोबदला बिअरमध्ये, असं सांगतात. निर्माता एडी ऑफर्ड रात्ररात्र जागून फितीचे तुकडे जोडतोय. एका पहाटे, काम संपल्यावर, तो फितींचे डबे मोटारीच्या टपावर ठेवून दार उघडतो, आत बसतो आणि गाडी चालू करतो. डबे रस्त्यावर. अँडरसन समोरून येणाऱ्या वाहनांपुढे धावत जाऊन ते वाचवतो. ही आठवण बँडच्या मंडळींनी नंतर सांगितली आहे. तुम्ही फुटपाथवर उभे आहात आणि पाच महिन्यांची मेहनत चाकांखाली जाता जाता राहते.

तबकडीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. त्याहून जास्त भरायचं तर खाचा एकमेकींना खेटतात, आवाज बारीक होतो आणि खर्ज दुबळा पडतो. म्हणजे प्रत्येक वर्गाला वीस मिनिटं द्यायचीच, आशय तेवढा असो वा नसो. पहिली बाजू लांबली म्हणून तिची सुरुवातीची दोन मिनिटं कापली गेली. दुसऱ्या बाजूला उलटा प्रश्न होता. वेकमनचं म्हणणं असं की जमवलेला ऐवज एका तबकडीसाठी जास्त आणि दोनांसाठी कमी होता, म्हणून तो ताणला गेला. त्याची तक्रार मी झटकणार नाही. त्याची तालीम रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधली, डेव्हिड बोवीच्या 'लाइफ ऑन मार्स'मधला पियानो त्याचा. कुठे आशय संपून नुसता प्रवाह उरतो हे त्याचा कान ओळखतो. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर आणि तिसरीच्या पहिल्या दहा मिनिटांत तो बरोबर आहे.

आपल्याकडच्या विलंबित ख्यालाची आठवण इथे येतेच. तिथेही वीस मिनिटांत बाहेरून पाहणाऱ्याला फारसं काही घडत नाही. पण रागाने वाट आखून दिलेली असते. कोणता स्वर कधी, किती वेळ, कुठून यायचा, हे सगळं शिकवणारा गुरू असतो. 'येस'कडे वाट आखणारा राग नव्हता आणि थांबवणारा गुरूही नव्हता. आराखडा पुस्तकातून घेता येतो, पण स्वरावर कधी रेंगाळायचं आणि कधी उठायचं हे तळटीप सांगत नाही. या अल्बमचे गुण जितके त्या पानातून आले तितकाच हा दोषही तिथूनच आला.

आता नोव्हेंबर. तेलाचा तुटवडा सुरू झालाय, खाणकामगारांनी जादा काम थांबवलंय आणि तेरा तारखेला सरकारने आणीबाणी जाहीर केली आहे. अशा लंडनमध्ये तुम्ही फिन्सबरी पार्कच्या रेनबो थिएटरपाशी रांगेत उभे आहात. २० ते २४ नोव्हेंबर, सलग पाच रात्री. १९३०मध्ये बांधलेलं हे चित्रपटगृह. आत शिरताच मूरिश धाटणीचं दालन आणि मधोमध कारंजं. प्रेक्षागृहाची जागा साधारण तीन हजार.

पडदा उघडतो आणि रॉजर डीनचं जग समोर येतं. मुखपृष्ठावरची मासळी, धबधबा आणि दगड ज्याने रंगवले तो हाच. भाऊ मार्टिनच्या मदतीने त्याने फायबरग्लासचे आकार घडवलेत. व्हाइटचे ड्रम एका भल्यामोठ्या शिंपल्यासारख्या कवचात आहेत आणि ते कवच हलतं. आधी 'क्लोज टू दि एज' सगळा वाजवला जातो. तो लोकांना पाठ आहे. मग सुरू होतो नवा अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि तो अजून दुकानांत आलेलाच नाही! बहुतेक श्रोत्यांनी त्यातला एक सूरही आधी ऐकलेला नाही, कुणाच्या हातात शब्दांचा कागद नाही. ऐंशी मिनिटं अनोळखी संगीत. तुमच्या शेजारचा मुलगा पहिली दहा मिनिटं पुढे झुकून ऐकतो, मग मागे टेकतो.

पहिली बाजू, श्रुती. अँडरसन जवळजवळ एका स्वरावर, मंत्र म्हणावा तसा, शब्दांची रांग सोडतो. एकेक आवाज त्यात मिसळतो. भारतीय स्वरांचा भास कुठेही नाही आणि तरी ती सुरुवात आपल्याला ओळखीची वाटते, कारण पाठांतराची लय तिच्यात आहे. शेवटाकडे वेकमनचा मूग सिंथेसायझर वर चढत जातो. ज्या संगीतावर त्याचा विश्वास नव्हता त्यातही त्याने ती जागा किती सुंदर भरली आहे.

दुसरी, स्मृती. मेलोट्रॉन या कीबोर्डच्या लाटा, एकावर एक. छापील पानावर या वर्गाचं नाव चुकून 'सुरिती' असं काहीसं पडलंय. हसू येण्याआधी आठवून पाहा, परक्या संगीतातली किती नावं आपण अशीच लिहितो आणि तरी त्यांच्यावर मनापासून प्रेम करतो.

तिसरी, पुराण. इथे हाऊ एकटा समोर आहे आणि गिटार कर्कश, काटेरी. नष्ट झालेल्या संस्कृतींना हाका माराव्यात तसं ते वाजतं. वेगवेगळ्या भाषांतली सूर्याची नावं एकामागून एक उच्चारली जातात आणि त्या गर्दीत, किंचित वाकड्या उच्चारात, आपलाही सूर्य येऊन जातो. तीन हजार इंग्रजांत तुम्ही एकटेच मान वर करता. सगळा गोंगाट विरल्यावर हाऊ साधी गिटार हातात घेतो, आणि त्या शेवटच्या काही मिनिटांसाठी आधीची दहा माफ करावीत.

चौथी, तंत्र. या बाजूबद्दल मला वाद घालायचाच नाही. अँडरसनने इथे ठरवलं होतं की जगणं हाच विधी, आणि वाईटाशी झगडा झाल्याशिवाय तो पुरा होत नाही. तो झगडा त्याने शब्दांत सांगितला नाही, तालवाद्यांवर सोपवला. आधी स्क्वायरचा बास पुढे येतो, खर्जात गाणारा. त्यानंतर व्हाइट सुरू करतो आणि तुम्ही पाहता की स्क्वायरही बास बाजूला ठेवून ताल धरतोय, अँडरसनही ताल धरतोय. सूर संपलाय. नुसते आघात उरलेत आणि ते छातीवर येतात. ज्या माणसाने सुरेल आवाजावर नाव मिळवलं तोच इथे सूर टाकून देतो. मग तो हलकल्लोळ थांबतो आणि सूर्याचे आम्ही, अशा अर्थाची एक साधी फ्रेंच ओळ पियानोवर परत येते. आधीच्या तिन्ही बाजूंतल्या सुरावटी तुम्ही या भागात अधूनमधून ओळखता. श्रुती, स्मृती, पुराण इथे विधीत येऊन मिळतात. आराखडा इथे खरा झाला.

त्याच दौऱ्यात मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉललाही चला. वेकमनने ही गोष्ट आयुष्यभर सांगितली आहे. एका लांब भागात त्याला वाजवायला फारसं काही नाही. कीबोर्डखाली त्याचा मदतनीस आहे. कार्यक्रम संपल्यावर काय खाणार, असं त्याने विचारलं आणि वेकमनने यादी दिली: चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडी भाजी, बॉम्बे आलू, सारणाचा पराठा. मदतनीसाला वाटलं, आत्ताच हवंय. अर्ध्या तासात पुडकी आली, वास पसरला आणि वेकमनने कीबोर्डवर ताट मांडलं. अँडरसन जवळ आला, त्याने पाहिलं आणि एक पापड उचलला.

ही गोष्ट अल्बमची टर उडवायला वापरली जाते. मला तिच्यात त्या काळाचं इंग्लंड दिसतं. एक भारत पुस्तकातून आला होता, गोरखपूरहून लॉस एंजेलिसमार्गे. दुसरा आला होता स्वयंपाकघरातून. गोव्याच्या पोर्तुगीज काळातलं व्हिनेगर-लसणीचं विंदालू, बहुतांशी सिल्हेटहून आलेल्या माणसांनी चालवलेल्या उपाहारगृहांत नुसतं जहाल तिखट होऊन, मँचेस्टरपर्यंत पोचलं होतं. दोन्ही वाटेत बदलले. दोन्ही भूक भागवत होते, आणि त्या रात्री एका रंगमंचावर, दोन हातांच्या अंतरावर होते. अँडरसनने पापड घेतला हे मला आवडतं.

डिसेंबरात अल्बम दुकानांत येतो. 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. आगाऊ मागणीवरच ब्रिटनमध्ये त्याला गोल्डचा दर्जा मिळाला, दोन आठवडे तो पहिल्या क्रमांकावर राहिला. अमेरिकेत सहावा. समीक्षक नाराज होते: फार लांब, फार पसरट, फार गंभीर. फेब्रुवारी १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन रात्री भरगच्च जातात, पण दौरा पुढे सरकतो तशी चारांतली एखादी बाजू गळू लागते. श्रोत्यांनी चुळबुळ केलीच होती. १८ मे १९७४ रोजी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, वेकमन बँड सोडतो. त्याच सुमारास त्याचा स्वतःचा 'जर्नी टू द सेंटर ऑफ दि अर्थ' ब्रिटनमध्ये पहिला येतो.

त्याच्यावर राग धरू नका आणि अँडरसनवरही नको. ज्याला विधी मानायचं त्यात सामील होणाऱ्याला त्याचा अर्थ आधी पटावा लागतो. सव्हॅनातल्या त्या रात्री पाचही जण जमिनीवर बसले असते, तर कदाचित दुसरी बाजू वेगळी झाली असती. दोन वर्षांनी वेकमन परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. अँडरसनशी त्याची दोस्ती टिकली.

२००३च्या आवृत्तीत पहिल्या बाजूची कापलेली दोन मिनिटं परत जोडली गेली. पाण्यासारखे पसरणारे अस्फुट स्वर, आणि मग मंत्रासारखी ती सुरुवात. श्रुतीचा भाग शांततेतून उगवायला हवा होता, हे ती दोन मिनिटं ऐकली की पटतं. तुम्ही आजच्या काळात उतराल तेव्हा हीच आवृत्ती शोधा. पण क्रमाने ऐकायला जाऊ नका, दुसऱ्या बाजूवर दमाल. आधी चौथी बाजू ऐका, दार बंद करून आणि आवाज मोठा ठेवून, म्हणजे तो तालांचा भाग अंगावर येईल. दुसऱ्या दिवशी पहिली. तिसरीचा शेवट स्वतंत्रपणे ऐकला तरी चालतो, पुढे बँडनेही तो तसा वाजवला आहे. दुसरी सगळ्यांत शेवटी घ्या आणि तिच्यात फक्त वेकमनचा मेलोट्रॉन ऐका. मग एखाद्या रविवारी, चहाच्या दोन फेऱ्या धरून, चारही सलग.